‘ढ’ कोणाला म्हणायचे? मागे पडणाऱ्या मुलांच्या मोजमापाचा इतिहास

मराठी शाळेत एखादे मूल अभ्यासात मागे पडले की त्याला ‘ढ’ म्हणतात. हा शब्द कोठून आला, याचे एक स्पष्टीकरण लिपीच्या इतिहासातून दिले जाते. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी आणि आजची देवनागरी शेजारी ठेवून पाहिली, तर बहुतेक अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली दिसतात. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. डोक्यावर रेघ आली, एवढेच. दोन हजार वर्षांत जो काही शिकला नाही तो ‘ढ’! ही व्युत्पत्ती खरी असो वा कोणी मागाहून रचलेली असो, तिच्यात एक समजूत दडलेली आहे. काही मुले मुळातच बदलत नाहीत, त्यांच्यापुढे शिक्षकाने काय करायचे, अशी ती समजूत.

ही समजूत तपासून पाहण्याचे काम विज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत केले. ते सरळ रेषेत झाले नाही. मध्ये मोठ्या चुका झाल्या आणि त्यांची किंमत मुलांनी मोजली. हा इतिहास पाहताना एक ठिकाण आपण डोळ्यांसमोर ठेवू: मार्गासनी. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला आत वळून वेल्ह्याकडे निघाले की गुंजवणीच्या खोऱ्यात हे गाव लागते. गुंजवणे गावाच्या बाजूने राजगड चढणारे येथूनच फाट्याला वळतात. डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांवरची मुले प्राथमिक शाळा संपली की अशाच रस्त्यावरच्या गावी माध्यमिक शाळेला येतात. अशा शाळेच्या नववीच्या वर्गात एक मूल असे असते, की जे तोंडी विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देते आणि उत्तरपत्रिका मात्र कोरी ठेवते. या इतिहासाने त्या मुलासाठी काय मिळवले, हा आमचा प्रश्न आहे.

पॅरिसमधील तीस कसोट्या

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व प्रकारची मुले वर्गात येऊ लागली. कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये तेथील सरकारने एक समिती नेमली. त्या समितीवर आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते. शिक्षकाच्या मतावर किंवा डॉक्टरच्या पहिल्या नजरेवर मुलाचे भवितव्य ठरू नये, म्हणून बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या या कसोट्यांत ओळखीच्या वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतील फरक सांगणे अशी कामे होती. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. नऊ वर्षांची बहुतेक मुले जे करू शकतात तेवढे करणाऱ्या मुलाचे मानसिक वय नऊ.

यानंतरचे पाऊल बिने यांचे नव्हते. १९१२ मध्ये जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचे सुचवले आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले. खरे वय १२ आणि मानसिक वय ९ असेल, तर ९ भागिले १२ गुणिले १०० म्हणजे ७५. हाच बुद्ध्यंक. बिने १९११ मध्येच वारले होते. बुद्धी ही एका ठरावीक मापाची, न वाढणारी वस्तू आहे या मताला त्यांनी स्पष्ट विरोध केला होता, आणि मागे पडलेल्या मुलांचे लक्ष, स्मरण व विचार सरावाने सुधारण्यासाठी व्यायामही तयार केले होते. मूल आज कोठे आहे हे कळावे आणि तेथून पुढे नेता यावे, यासाठी त्यांची श्रेणी होती.

अमेरिकेत तिचा उपयोग उलटा झाला. हेन्री गॉडर्ड यांनी ती इंग्रजीत आणली आणि कमी अंक मिळालेल्यांना वेगळे काढण्यासाठी वापरली. अंक जन्मजात आणि आनुवंशिक मानला गेला. इंग्रजी न येणारे, गरीब, बंदरावर नुकते उतरलेले लोक ‘मंदबुद्धी’ ठरले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा शिक्का बसलेल्यांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा वैध ठरवला. मदत कोणाला द्यायची हे शोधणारे साधन कोणाला वगळायचे हे ठरवू लागले. आम्ही संशोधक मंडळी मोजमापाला फार मानतो, म्हणून हा प्रसंग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. मापनाचा हेतू बदलला की तेच माप वेगळे काम करू लागते.

धारवाडची मराठी मुले

ही श्रेणी मराठीत कशी आली, हे शिक्षकांनी जाणून घेण्यासारखे आहे. भारतात पहिला मोठा प्रयत्न लाहोरला झाला. तेथील हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात हिंदुस्थानी बिने श्रेणी तयार केली. त्यानंतर धारवाड भागात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीची आवृत्ती तयार केली. त्यांचा निबंध १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आपल्याकडील बालमार्गदर्शन केंद्रांत पुढे कित्येक दशके रोजच्या वापरात राहिले.

अशा कामात भाषांतर हा सर्वांत सोपा भाग असतो. पॅरिसच्या मुलाला ओळखीचे असलेले नाणे, चित्र वा वस्तू धारवाडच्या मुलाने पाहिलेली नसते. ऐकून पुन्हा म्हणायचे वाक्य भाषांतरात लांब झाले की कसोटी अवघड होते. म्हणून प्रत्येक प्रश्न येथल्या मुलांना विचारून, तो कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना जमतो हे नव्याने ठरवावे लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. एका भाषेत आणि एका समाजात प्रमाणित केलेली चाचणी दुसरीकडे उचलून नेली तर ती मुलाची बुद्धी न मोजता त्याचे परकेपण मोजते. पुढे नागपूरला आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या चाचणीची भारतीय आवृत्ती तयार केली, तीही याच वाटेने.

तरीही या अंकाला एक मर्यादा होती. ज्याला कमी ऐकू येते, ज्याची भाषा वेगळी आहे, जो वर्षातील चार महिने आईवडिलांबरोबर स्थलांतरात असतो आणि ज्याला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे, अशा चौघांचा अंक सारखाच येऊ शकतो. अडथळा किती मोठा आहे याचा अंदाज अंक देतो, पण अडथळा कोणता हे तो सांगत नाही.

वेगळ्या शाळा, दूरच्या शाळा

दिसणाऱ्या अडथळ्यांसाठी महाराष्ट्रात काम आधीच सुरू झाले होते. बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये अंधशाळा सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ उभी राहिली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली.

या संस्थांनी शिक्षक घडवले, साधने बनवली आणि ‘यांना शिकवून काय उपयोग’ या प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर दिले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण नकाशा पाहिला तर ही सारी नावे मुंबई-पुण्याची आहेत. वेल्हे किंवा भोरच्या डोंगरातील मुलाला तेथे शिकायचे तर घर सोडून वसतिगृहात राहावे लागणार, आणि बहुतेक जण गेलेच नाहीत. शिवाय ज्याचे डोळे, कान आणि बुद्धी तिन्ही ठीक आहेत, तरीही वाचता येत नाही, अशा मुलासाठी यांपैकी कोणतीच शाळा नव्हती. तो सर्वसाधारण शाळेतच राहिला, ‘ढ’ म्हणून.

पर्सीचे शिक्षक

असा मुलगा विज्ञानाच्या नोंदीत आला तो १८९६ मध्ये. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. पर्सी हुशार होता, खेळात चपळ होता. डोळ्यांत दोष नव्हता. सात वर्षांपासून शिक्षक त्याच्यामागे लागले होते, तरी लहान लहान शब्दही त्याला वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करी. अंक मात्र तो सहज वाचे. ‘७’ हा आकडा त्याला लगेच कळे, तोच अक्षरांत लिहिलेला कळत नसे. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने भराभर आणि बरोबर केला.

या निबंधातील आम्हाला सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य डॉक्टरांचे नाही, शिक्षकाचे आहे. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, अशा आशयाचे मत त्याला काही वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाने दिले होते. मेंदूची प्रतिमा घेणारी यंत्रे तेव्हा नव्हती, बिने यांची श्रेणी यायला नऊ वर्षे होती. वर्गातील निरीक्षणावरून शिक्षकाने अडथळा नेमका कोठे आहे ते ओळखले होते.

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी, १८८७ मध्ये, जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी मेंदूला इजा झालेल्या प्रौढांसंबंधी वापरला होता. पुढे तो पर्सीसारख्या मुलांना लागू झाला. १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा पुढे आणली. ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. शालेय आयुष्यात कधी ना कधी दर पाचांतील एका मुलाला विशेष मदत लागू शकते, असे या समितीने मांडले. मुलावर शिक्का मारण्याऐवजी त्याची गरज काय हे विचारण्याकडे हा बदल होता.

आयोगापासून दहावीच्या परीक्षेपर्यंत

आपल्याकडे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा असे सांगितले. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. १९८६ पर्यंत अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी निदान १५ टक्के आणि त्या वेळच्या भाषेत ‘मतिमंद’ म्हटलेल्या मुलांपैकी ५ टक्के शिक्षणात यावीत, असे आयोगाने लक्ष्य ठेवले. उरलेल्या ८५ आणि ९५ टक्क्यांचा विचार केला की सुरुवात किती खालून होत होती हे कळते. १९७४ मध्ये केंद्र सरकारची एकात्म शिक्षण योजना आली. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली. वाचन-लेखनातील अक्षमता त्यांत नव्हती.

येथे महाराष्ट्र पुढे गेला. १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सर्वसाधारण शाळेत राहून परीक्षा देता यावी म्हणून औपचारिक सवलती देणारे हे देशातले पहिले राज्य ठरले. लेखी परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा त्या सवलती होत्या. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा सवलती मिळाल्यावर त्यांचे दहावीचे गुण पूर्वीच्या गुणांपेक्षा बरेच वर गेलेले दिसले. बुद्धी तीच होती, अडथळा कमी झाला होता.

पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी चाचणी. चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीतल्या होत्या. भारतीय भाषांत प्रमाणित चाचण्या नाहीत, ही तक्रार तज्ज्ञ वर्षानुवर्षे करत राहिले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजी या चार भाषांतील डिस्लेक्सिया चाचणीसंच २०१५ मध्ये आला, तोही पहिली ते पाचवीसाठी. सवलत आणि मराठी चाचणीसंच यांत १९ वर्षे गेली. एवढ्या काळात पहिलीतली मुले दहावी होऊन, किंवा नापास होऊन, बाहेर पडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकार २१ केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करणे हे कायद्याने शाळांचे कर्तव्य ठरवले.

मार्गासनी हे नाव लिहिताना

भाषेचा हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. इंग्रजी पुस्तकांत डिस्लेक्सियाची खूण म्हणून ‘बी’ आणि ‘डी’ या अक्षरांची उलटापालट सांगितलेली असते. मराठी शिक्षकाला तिचा फारसा उपयोग नाही. आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या दाखवायला याच भागातील गावांची नावे पुरतात.

‘मार्गासनी’ म्हणताना ‘र्’ आधी आणि ‘गा’ नंतर येतो. लिहिताना मात्र रफार ‘गा’वर बसतो. शेजारच्या ‘विंझर’मध्ये वेलांटी आधी काढायची आणि ‘व’ नंतर, उच्चार मात्र उलटा. ‘गुंजवणी’तला अनुस्वार आणि ‘अंबवणे’तला अनुस्वार दिसायला एकच टिंब, पण पहिल्याचा उच्चार ‘ञ्’ आणि दुसऱ्याचा ‘म्’. ‘वेल्हे’तील जोडाक्षर सुटे केले की ‘वेलहे’ होते. एकट्या ‘र’ची मार्ग, चक्र, राष्ट्र आणि दुसऱ्या या चार शब्दांत चार रूपे आहेत. डोळ्यांनी दिसणारा क्रम आणि कानांनी ऐकू येणारा क्रम जेथे जुळत नाही, तेथे अडचण असलेले मूल अडखळते. घ-ध, भ-म यांची गल्लतही होते.

आणखी एक गोष्ट माध्यमिक शिक्षकांनी लक्षात ठेवावी. इटालियन, जर्मन अशा, अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळणाऱ्या भाषांत असे आढळले आहे, की डिस्लेक्सिया असलेली मोठी मुले चुका कमी करतात पण वाचतात फार हळू. देवनागरीतही अक्षर-उच्चाराचा मेळ पुष्कळ आहे. त्यामुळे नववीतले मूल परिच्छेद बरोबर वाचून दाखवील, पण इतरांच्या दुप्पट वेळ घेईल, आणि शेवटी आल्यावर सुरुवात विसरलेले असेल. ‘वाचता तर येते, मग आळशी असणार’ असा निष्कर्ष येथे सहज निघतो, आणि तो चुकीचा असू शकतो.

वर्गात करता येण्याजोगा तपास

मार्गासनीसारख्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञ रोज भेटणार नाही. पुण्याला तपासणीसाठी जायचे तर पालकांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून पाठवण्याआधी शाळेत काय पाहता येईल, ते सांगतो.

पहिल्यांदा डोळे आणि कान. फळ्यावरचे शेवटच्या बाकावरून दिसते का, पाठीमागून हळू आवाजात सांगितलेले शब्द परत म्हणता येतात का, कान वाहतो का. यांत शंका आली तर पुढचे सारे बाजूला ठेवून आधी ग्रामीण रुग्णालय गाठावे. दुसरे, हजेरी आणि घरची भाषा. जे शिकवलेच गेले नाही ते न येणे ही अक्षमता नव्हे.

हे ठीक असेल तर एक साधा प्रयोग करावा. विज्ञानाच्या एकाच पाठावर सारख्या काठिण्याचे दहा प्रश्न काढावेत. पाच मुलाने स्वतः वाचून लिहावेत, पाच शिक्षकाने वाचून दाखवावेत आणि उत्तर तोंडी घ्यावे. दुसऱ्या पाठावर दुसऱ्या आठवड्यात हेच करावे, पण या वेळी तोंडी भाग आधी आणि लेखी भाग नंतर घ्यावा, म्हणजे दमण्याचा परिणाम एकाच बाजूला पडणार नाही. चार-पाच पाठांत लेखी गुण सतत कमी आणि तोंडी गुण सतत चांगले आले, तर अडथळा समजेत नसून वाचन-लेखनात आहे अशी रास्त शंका घेता येते. दोन्हीकडे गुण कमी असतील तर कारण वेगळीकडे शोधावे लागेल. हे निदान नव्हे. पण तारखा, प्रश्न आणि वहीची पाने यांसह ही नोंद तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे आणि पुढे रुग्णालयात दिली, तर ‘अभ्यास करत नाही’ या एका ओळीपेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

प्रमाणपत्र येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रश्न वाचून दाखवणे, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी तयार टिपण देणे, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे, शाळेच्या परीक्षेत थोडा जादा वेळ देणे, हे शिक्षकाच्या हातात आहे. बोर्डाच्या सवलतींचा विचार मात्र नववीतच सुरू व्हायला हवा. दहावीच्या जानेवारीत लक्षात आले तर कागदपत्रांना वेळ उरत नाही. सवलत निवडतानाही पुढचे पाहावे. बीजगणित-भूमिती सोडली की दहावी सुटते, पण तांत्रिक शिक्षणाचे काही दरवाजे बंद होतात. पर्सीसारखा गुणाकारात तरबेज असलेल्या मुलाला जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, गणित काढून घेऊ नये. हा निर्णय पालकांना आणि मुलाला जवळ बसवून, सगळे समजावून घ्यायचा असतो.

बिने यांच्या श्रेणीपासून २०१६ च्या कायद्यापर्यंत साधने सुधारत गेली. तरी मोठ्या मुलांसाठी मराठीत वापरता येतील अशी प्रमाणित साधने अजून तोकडीच आहेत, आणि ती तयार करणे हे आम्हा संशोधकांचे काम आहे. ती तयार होतील तेव्हा होतील. नववीतल्या मुलाकडे दोन वर्षे आहेत. तोवर त्याचा अडथळा नोंदवणारी वही शिक्षकांनाच ठेवावी लागेल.